चौथा भाग येऊन राह्यला

सिनेमात नकाशा दिसला की माझे बुलढाण्याचे घरमालक काका खुर्चीत पुढं सरकायचे आणि टीव्हीला विचारायचे, "उत्तर कुठं हाये?" नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नसली, की त्यांचा त्या सिनेमावरचा विश्वास उडालाच. "स्केल नाई, दिशा नाई. असा नकाशा घेऊन माणूस खजिन्याले काय, एसटी स्टँडले बी पोचत नाई." हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेलेली. निवृत्तीनंतरही हा माणूस दुकानात जाताना पावलं मोजायचा आणि परत येताना आकडा जुळला नाही तर फाटकाशी उभा राहून विचार करायचा.

त्यांच्या या कडक परीक्षेत एकच नायक पास झाला होता. एक परदेशी साहसपटांची मालिका आहे, आपल्याकडे हिंदीत बोलते. त्यातला नायक नकाशे काढतो आणि एका म्हाताऱ्या खेचरवाल्याला बरोबर घेऊन हरवलेली शहरं शोधत फिरतो. काका त्याला कधी नावानं ओळखत नसत. 'आपला माणूस' म्हणत. आपला माणूस कोऱ्या कागदावर आधी उत्तरेचा बाण काढतो, मग बाकीचं, हे त्यांनी पहिल्याच भागात हेरलं आणि तेव्हापासून त्याला सगळं माफ होतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी हा आपला माणूस आणि खेचरवाला मिठाच्या गुहेत अडकतात. दाराशी मोठी शिळा येऊन बसते, पडदा काळा होतो, आणि बाहेर राहिलेल्या खेचराच्या गळ्यातली घंटी तेवढी ऐकू येते. तिथं सिनेमा संपतो. ते सुटले कसे, हे चौथ्या भागात कळायचं होतं. मी बुलढाण्यात गेले तेव्हा तो चौथा भाग येणार येणार म्हणता म्हणता बरीच वर्षं झाली होती.

मी मूळची कराडकडची. बुलढाण्याच्या कॉलेजात भूगोल शिकवायची नोकरी लागली म्हणून खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले.

"विषय कोणता?" त्यांनी विचारलं.

"भूगोल."

"मंग या आत."

घरात ते एकटेच. काकू तीन वर्षांपूर्वी गेलेल्या. खाली मागच्या बाजूला एक खोली होती, आणि वर गच्चीला लागून एक. वरच्या खोलीला दोन खिडक्या, भरपूर उजेड. मला साहजिकच वरची हवी होती.

"वरची नाई भेटत," काका म्हणाले. "पोरगा येऊन राह्यला."

आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि राहिला. म्हणजे यांचा मुलगा वर राहतो. मी मुकाट्यानं खालची खोली घेतली. वर कोणी तरुण माणूस आहे म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायलाही जात नसे. रोज सकाळी वर पावलं वाजायची, खिडक्या उघडल्याचा आवाज यायचा. मुलगा भलताच अबोल असावा, जिन्यात कधी गाठ पडत नाही, असं वाटायचं. संक्रांतीला मी दोन वाट्या तिळगूळ काकांच्या हातात दिला. म्हटलं, "एक तुम्हाला, एक वर." त्यांनी दोन्ही वाट्या घेतल्या, जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगल्या घरच्या हायेत तुमी."

पुढं एकदा कॉलेजात चहा पिताना मी ग्रंथपाल बाईंना सहज म्हणाले, "आमच्या घरमालकांचा मुलगा दीड महिना माझ्या डोक्यावर राहतोय, पण मी त्याला अजून पाहिलेलं नाही." बाई चिखलीच्या. आधी खूप हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या.

"अहो मॅडम, येऊन राह्यला म्हंजे आला नाई. येतो आहे. तो कॅनडाले असते. आई गेली तवा आला होता चौदा दिवस. तवापासून येऊनच राह्यला."

म्हणजे सकाळची ती पावलं काकांचीच होती. त्या संध्याकाळी घरात शिरताना मला लाज वाटली. मी वरच्या तिळगुळाचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मात्र दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला स्वतःच वर नेलं. पलंगावर धुतलेली चादर, टेबलावर पेन्सिली, भिंतीवर शेगावला थांबणाऱ्या गाड्यांचं हातानं लिहिलेलं वेळापत्रक. मुंबईला विमान उतरलं की पोरानं कोणती गाडी पकडायची आणि शेगावहून बुलढाण्याची एसटी किती वाजता, सगळं लाल शाईत. माझी तिळगुळाची वाटी टेबलावर ताटलीखाली झाकून ठेवलेली होती. वड्या दगड झाल्या होत्या.

वर नेण्याचं खरं कारण दुसरंच होतं. त्यांना एक नकाशा दाखवायचा होता. मिठाच्या गुहेचा. तिसरा भाग त्यांनी घरी थांबवून थांबवून पाहिला होता. आपला माणूस किती पावलं चालला, मशाल कुठं कलली, सावली कोणत्या भिंतीवर पडली, यावरून त्यांनी ती गुहा मोजून काढली होती. स्केल होतं, उत्तरेचा बाण होता, खाली त्यांची सहीसुद्धा होती.

"ही दक्षिण भिंत," त्यांनी पेन्सिल टेकवली. "घंटीचा आवाज इकून मोठा येते. म्हंजे भिंत पातळ हाये. आपला माणूस इथूनच निंगन. पोरगा म्हनते छतातून निंगन. दहा वर्ष झाले, भांडून राह्यला माह्यासोबत."

मग मला सगळं कळलं. पहिला भाग बापलेकांनी बुलढाण्यातच पाहिला, मुलगा तेव्हा सहावीत होता. दुसरा खामगावला जाऊन. तिसरा अकोल्याला, मुलगा परदेशी निघायच्या आदल्या दिवशी. थिएटरातून बाहेर पडताना दोघांचं ठरलं, चौथा सोबतच पाहायचा. कोणी एकट्यानं पाहायचा नाही.

चौथ्या भागाच्या बातम्या येत आणि विरून जात. कधी नटाचा पाय मोडला, कधी दिग्दर्शक बदलला, कधी पुढच्या उन्हाळ्यावर गेला. मुलाच्याही बातम्या तशाच. कधी रजा नाही, कधी कागदपत्रं अडकली, कधी तिकडं घर बदलायचं होतं. सकाळी मी अंगणात आले की काका पेपरातून मान वर करून सांगत, "येऊन राह्यला, मॅडम." यातली कोणती बातमी सिनेमाची आणि कोणती मुलाची, हे मला पटकन कळत नसे. दोन्हीकडे वाक्य एकच आणि आनंदही तेवढाच. दोन्हींच्या बातमीनंतर वरची चादर मात्र बदलली जायची.

एकदा कोणीतरी त्यांच्या फोनवर चौथ्या भागाची झलक पाठवली. मी पाहिली तर मला खरीच वाटली. काकांनी दोनदा पाहिली आणि फोन बाजूला ठेवला.

"बनावट हाये."

"कशावरून?"

"सकाळी निंगाले म्हनते, अन् सावली पूर्वेले पडून राह्यली. सकाळी सावली पश्चिमेले पायजे. हे आपल्या माणसाचं काम नोहे."

ती झलक हौशी लोकांनी जुने तुकडे जोडून केलेली होती, हे पुढं जाहीर झालं. काकांनी त्याबद्दल विजयी मुद्रेनं मला चहा पाजला.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट ग्रंथपाल बाईंनी मला सांगितली होती आणि काकांनी ती कबूल केली. मोजणीच्या दिवशी शेजारच्या वावराचा मालक हजर नसेल, तर काका मोजणीची साखळी उघडत नसत. नोटीस बजावली की कायद्याला पुरतं, माणूस नसला तरी मोजता येतं. पण हे बांधावर बसून राहायचे. अमडापूरकडे एका बांधावर ते तीन दिवस जाऊन बसले होते. साहेब रागावले, अर्जदार वैतागला, यांचं एकच. "एका पार्टीच्या मागं घातलेली हद्दीची खूण टिकत नाई, मॅडम. दोघांच्या डोळ्यांदेखत घातली तं पन्नास वर्ष हालत नाई." चौथ्या दिवशी तो शेजारी आला म्हणे.

शेवटी चौथा भाग खरोखरच आला. तारीख जाहीर झाली, पेपरात अर्धं पान जाहिरात आली. काकांनी वरच्या खोलीच्या खिडक्यांची जाळी बदलून घेतली.

मुलाचा फोन दर रविवारी सकाळी नऊला यायचा, चेहरा दिसणारा. काका आठपासून इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसत. फोन हातात धरला की मुलाला त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं, म्हणून तो पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मी दर रविवारी तिथंच, काही ना काही निवडत बसलेली असायची. सिनेमा लागला त्याच रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, मी पाह्यला."

काका खुर्चीत पुढं सरकले.

"ऑफिसातले सगळे चालले होते, मंग मी बी गेलो. तुमी पाहून घ्या ना बाबा. माही वाट नका पाहू. या वर्षी बी जमत नाई."

"मी बी पाह्यला," काका म्हणाले. "पह्यल्याच दिवशी. अकोल्याले जाऊन."

"मस्त. मंग पुढच्या रविवारी बोलू निवांत."

फोन बंद झाला. काकांनी पोह्यांचा डबा आत नेऊन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच उभे राहिले. मला त्या न पाहिलेल्या मुलाचा राग आला, अगदी मनापासून. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मॅडम, एक काम करा माहं. तुमी पाहून या. अन् मले सांगजा. पुढच्या रविवारी बोलाव लागन त्याच्यासोबत."

"तुम्हीच चला ना. मी येते बरोबर."

"नाई. ठरलं होतं सोबत पाह्याचं."

"पण त्यानं तर पाहिला."

"त्यानं पाह्यला. मी नाई पाह्यला. एकानं खूण उपटली म्हनून दुसऱ्यानं बी उपटाव काय?"

गुरुवारी मी कॉलेजातून सुट्टी काढून अकोल्याला निघाले. बोथ्याच्या घाटात एसटी बंद पडली. मागून दुसरी येईपर्यंत तास गेला. मी थिएटरात शिरले तेव्हा सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती, आणि आपला माणूस गुहेबाहेर येऊन मजेत जहाजावर उभा होता. ज्या एका गोष्टीसाठी काकांनी दहा वर्षं काढली, नेमकी तीच माझी हुकली. मध्यंतरात शेजारच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो, खेचरवाल्याची मुलगी बापाला शोधत येते आणि गावकऱ्यांना घेऊन बाहेरून दगड सरकवते. पाच मिनिटांत संपतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नकाशा पसरूनच बसले होते. पेन्सिल दक्षिण भिंतीवर. डोळे माझ्यावर. "इथून ना?"

मी खरं सांगणार होते. मुलगी येते आणि दार उघडते, एवढंच तर सांगायचं होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते वाक्य माझ्यानं उच्चारवेना. "हो," मी म्हणाले. "दक्षिण भिंत. घंटीच्या आवाजावरून शोधली. होकायंत्राच्या पितळी डबीनं मीठ खरवडलं आणि भिंत फोडली." पितळी डबी माझीच भर. खोटं बोलायला लागलं की माणसाला तपशील सुचत जातात.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी म्हनतच होतो," ते अगदी हळू म्हणाले. बाकीची कथा त्यांनी नीट ऐकलीसुद्धा नाही.

रविवारी मी वालाच्या शेंगा घेऊन बसले होते. फोन डब्याला टेकवला. मुलाचा चेहरा आला तसे काका सुरू झाले.

"काय बे, मी म्हनलो होतो का नाई? दक्षिण भिंत. घंटीच्या आवाजावर. पितळी डबीनं फोडली."

मला वाटलं लाइन गेली. मग मुलगा म्हणाला, "हाव बाबा. तुमचंच खरं निंगालं. मले तिथं तुमचीच याद आली."

माझे हात थांबले. पितळी डबी सिनेमात नव्हती. दक्षिण भिंतही नव्हती. भिंत काकांच्या डोक्यातून निघाली होती, डबी माझ्या, आणि कॅनडातला हा माणूस ती पाहिली म्हणून सांगत होता. त्यानं सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

दिवसभर मी खोलीत येरझारा घातल्या. सांगितलं तर माझं खोटं उघड होणार, त्यांचं दक्षिण भिंतीचं समाधान जाणार. आणि नाही सांगितलं, तर पोरानं शब्द मोडला, हेच त्यांच्याजवळ राहणार. संध्याकाळी चहा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. एसटी, वीस मिनिटं, डबी. "तो खरा कसा सुटतो ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले, "पण ते मी सांगणार नाही. ते तुम्ही दोघं बघा."

काका रागावले नाहीत. कपातल्या चहावर साय धरेपर्यंत बसून राहिले. मग बोटांवर हिशेब केल्यासारखे म्हणाले, "तुमी पाह्यलं नाई, ते सांगतलं. मी पाह्यला नाई, अन् पाह्यला म्हनलो. अन् त्यानं... दोघांचे जबाब जुळले मॅडम, अन् जागेवर कोनीच नोतं."

"कदाचित त्यानं पाहिलाही असेल," मी म्हटलं. मला त्यांना फार आशा लावायची भीती वाटत होती. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणाला असेल."

"नाई. पाह्यला असता तं भांडला असता. छत सोडत नाई तो."

"मग खोटं का बोलला?"

"मले वाट पाहाव लागू नाई म्हनून." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. चांगलं दोनदा पुसलं. मग उठून वर गेले. संध्याकाळी ते कधी वर जात नसत. मला दोन्ही खिडक्या उघडल्याचा आवाज आला, पलंग सरकवल्याचा आला. खाली येऊन ते माझ्यासमोर उभे राहिले.

"म्हंजे एकट्यानं नाई पाह्यला त्यानं," ते म्हणाले. "मंग तो येऊन राह्यला."

सिनेमा दोन आठवड्यांत थिएटरांतून उतरला. पुढं फोनवरही आला. मी एकदा दाखवू का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझा फोन टेबलावर पालथा ठेवला. मुलगा दर रविवारी नऊला बोलत राहिला. पिकलेल्या डाळिंबांबद्दल, गुडघ्यांबद्दल, तिकडच्या बर्फाबद्दल. सिनेमाचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही. काका त्याला आपण पाहिला नाही हे सांगत नव्हते, कारण मग तो आपल्यासाठी ओढाताण करून घेईल. मला हे त्या दोघांचं गणित कधी पटलं नाही. दोघांनाही दोनच वाक्यं बोलायची होती. मी तसं एकदा बोललेही. "तुमाले पोरंबाळं झाल्यावर समजन," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी माझ्या नोकरीची कराडला सोय झाली. निघताना मी खालच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "दिवाळीला येते, काका."

"येजा," ते म्हणाले. फाटकापर्यंत आले. मला वाटतं, त्यांनी पावलं मोजली.

ती दिवाळी गेली, पुढची गेली. फोन व्हायचे, मग कमी झाले. कधी आईचं दुखणं, कधी परीक्षेचं काम. कारणं माझ्याजवळही भरपूर होती, आणि सगळी खरी होती.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला. सांगलीची आहे, बुलढाण्याच्या कॉलेजात माझ्याच जागेवर नुकतीच लागली आहे. माझा नंबर तिला ग्रंथपाल बाईंनी दिला. माझ्या जुन्या घरी खोली मिळेल म्हणून बाईंनीच तिला काकांकडे पाठवलं होतं.

"गेले होते मॅडम, पण नाही जमलं," ती म्हणाली. "काका फार चांगले आहेत. विषय विचारला, चहा दिला. पण दोन्ही खोल्या भरल्यात म्हणे. वरच्या खोलीत मुलगा येऊन राहिलाय."

"आणि खालच्या?"

"खालच्या खोलीत कुणी एक मॅडम येऊन राहिल्यात. भूगोलाच्याच आहेत, म्हणाले. घर अगदी भरलेलं दिसतंय हो त्यांचं."

मी तिला अर्थ सांगितला नाही. दुसरीकडचे एक-दोन पत्ते दिले आणि फोन ठेवला. मग शेगावला थांबणाऱ्या गाड्या कोणत्या, ते शोधत बसले.